शी-शूची सवय : घाई कोणाला आहे?

मूल दोन वर्षांचे झाले की घरात एकच प्रश्न सुरू होतो : "अजून सांगत नाही का?" दादी म्हणतात, आमच्या वेळी वर्षाच्या आत मुले कोरडी राहत. शेजारच्या घरातली मुलगी दीड वर्षातच सांगू लागलेली असते. आणि आई, दिवसातून पाच वेळा नमाजाचे कपडे पाक ठेवता ठेवता मेटाकुटीला आलेली असते.

दादींचे म्हणणे खोटे नाही. पूर्वी आई पाय लांब करून बसायची, बाळाला पावलांवर बसवायची आणि "शूऽऽ" म्हणायची. सकाळी उठल्यावर, दूध पाजल्यावर ही वेळ ठरलेली असे. पण त्यात वेळ ओळखायची ती आई. मुलाने स्वतः जोर ओळखणे, थोडा वेळ थांबवून धरणे, सांगणे आणि जागेवर जाणे ही पुढची पायरी आहे. तिला शरीराची वाढ व्हावी लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदी मांडल्या. मुलाची तयारी पाहून, जबरदस्ती न करता शिकवलेली ही मुले दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना. म्हणजे दोन वर्षांचे मूल सांगत नसेल, तर ते मागे पडलेले नाही.

तयारी कशी ओळखावी? मूल दीड-दोन तास कोरडे राहते. शी करताना कोपऱ्यात किंवा दाराआड जाते. ओली चड्डी नकोशी होऊन ओढते. "जा, चप्पल घेऊन ये" एवढे सांगितलेले समजते. यातली दोन-तीन लक्षणे दिसली की सुरुवात करावी. बहुतेक मुलांत ती दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसतात.

मुहूर्तही घरचा पाहावा. नरपड समुद्रकाठचे गाव. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की धुतलेले कपडे लवकर वाळत नाहीत आणि दिवसाला सात-आठ चड्ड्या पुरत नाहीत. पाऊस सरल्यावर हे काम सोपे जाते. घरात नवे बाळ आले असेल, घर बदलले असेल, तर महिनाभर थांबावे. रमजानमध्ये सेहरीपासून आईची झोपमोड होते. मुलाने स्वतःहून सुरुवात केली नसेल, तर ईदनंतर पाहावे.

पॉटी बुटकी असावी, मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. शौचालयाच्या भोकाची अनेक मुलांना भीती वाटते, म्हणून आधी मोरीत किंवा पॉटीवर बसवावे, नंतर हात धरून आत न्यावे. झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर चार-पाच मिनिटे पुरेत. नाही झाली तर उठू द्यावे. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आत जाण्याआधीची दुआ, डावा पाय आधी, पाण्याने धुणे, नंतर साबणाने हात : हे सगळे मूल पाहून उचलते. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवावे.

सर्वांत मोठे नुकसान होते ते ओरडण्याने. "छी, घाण!" ऐकलेले मूल शी दाबून धरते. मग ती कडक होते, दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबते. अशा वेळी सवय लावणे थांबवावे. पाणी, भाज्या आणि फळे वाढवावीत. डहाणू-घोलवडचा पिकलेला चिकू तर दारातच आहे. नुसते दूधच पोटभर पाजत राहू नये.

हदीसमध्ये येते की, अजून अन्न न खाणाऱ्या एका बाळाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मांडीवर लघवी केली, तेव्हा त्यांनी पाणी मागवून कपड्यावर शिंपडले. मशिदीत लघवी करू लागलेल्या खेडूतालाही त्यांनी मध्येच रोखू दिले नाही. नंतर बादलीभर पाणी ओतायला सांगितले आणि त्याला नरमाईने समजावले. कपडा पाक करण्याचे बारकावे आपापल्या मसलकानुसार आलिमांना विचारावेत. पण पाकीसाठी पाणी लागते, मुलाचे रडणे नव्हे, एवढे यातून आपण घ्यावे.

एक गोष्ट मात्र टाळू नये. लहान मुलाची शी निरुपद्रवी, असे समजून ती वाडीत, गटारात किंवा किनाऱ्यावर टाकली जाते. तिच्यातूनही जुलाब आणि जंत पसरतात. ती शौचालयातच टाकावी. डायपर मात्र शौचालयात टाकू नये. त्यातली शी आत झटकून तो गुंडाळून कचऱ्यात द्यावा.

रात्रीचे ओले होणे पाच वर्षांपर्यंत आजार मानत नाहीत. मात्र लघवीला जळजळ, शीत रक्त, किंवा कोरडे राहू लागलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. बाकी मुलांसाठी चार जादा चड्ड्या, एक बादली पाणी आणि थोडा सबर पुरतो.