‘एए०१’च्या मागे धावण्यापूर्वी: पॉलिमर नोटांचा संग्रह

बँक ऑफ इंग्लंडने २०१६ साली चर्चिल यांचे चित्र असलेली ५ पौंडांची पॉलिमर नोट काढली, तेव्हा ‘एए०१’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवर हौशी संग्राहकांच्या उड्या पडल्या. वास्तविक हिशेब सोपा आहे. या अक्षरांकांपुढे सहा आकडे येतात; म्हणजे केवळ ‘एए०१’मध्येच सुमारे १० लाख नोटा मावतात. खरी किंमत अगदी आरंभीच्या क्रमांकांना. उरलेल्यांसाठी ५ पौंडांहून फार अधिक मोजणे म्हणजे हौसेचे मोल.

पॉलिमर चलनाचा आरंभ ऑस्ट्रेलियाच्या १९८८ मधील १० डॉलरच्या नोटेने झाला. त्यापूर्वी हैतीने टायव्हेक या कृत्रिम तंतूंच्या पत्र्यावर नोटा छापल्या होत्या. तेथील उष्ण, दमट हवेत शाई फिसकटली. तशी डागाळलेली नोट मिळाली तर ती खुशाल जपावी.

इतरत्र मात्र नोटेची स्थितीच भाव ठरवते. पॉलिमरला कसर लागत नाही, पण पडलेली घडी पुरती जात नाही आणि घडीवरची शाई आधी झिजते. इस्त्री फिरवल्यास नोटच आक्रसते.

दक्षिण आशियापुरता संग्रह करणाऱ्यांना श्रीलंकेची १९९८ ची २०० रुपयांची आणि बांगलादेशाची २००० ची १० टाक्यांची नोट मिळू शकते. भारताचे पान तूर्त कोरे आहे. कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला व भुवनेश्वर येथे १० रुपयांच्या प्लास्टिक नोटांची चाचणी जाहीर झाली होती. त्या नोटा चलनात आल्याच नाहीत.