नौकेचे इंजिन, वंगण आणि गंगा

वाराणसीच्या 84 घाटांलगत नौका चालविणाऱ्या निषाद कुटुंबांच्या दृष्टीने नौकेचे इंजिन हे उपजीविकेचे प्रमुख भांडवल आहे. येथील 500 नौका डिझेल व पेट्रोलवरून सीएनजीवर आणण्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन जुलै 2022 मध्ये झाले. धूर कमी करणे हा त्याचा एक हेतू होता. इंधन बदलले तरी वंगणाची गरज मात्र कायम राहते.

वंगणतेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण सामावून घेते आणि गंज रोखते. ही कामे करताना ते स्वतः निकामी होत जाते. ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले व पाण्याची वाफ त्यात मिसळतात. इंजिन पुरेसा वेळ चालले, तर उष्णतेने ही वाफ निघून जाते. अल्पकाळ चालून बंद राहणाऱ्या इंजिनात ती साचते. गंगेला पूर आला की नौकावाहतूक बंद होते. अशा वेळी उभ्या राहिलेल्या इंजिनांना आतून गंज चढण्याचा धोका असतो.

हलक्या विमानांबाबत हीच दक्षता घेतली जाते. त्यांच्या पिस्टन इंजिनातील तेल व फिल्टर साधारणतः 50 तासांच्या वापरानंतर, आणि विमान फारसे उडाले नसले तरी चार महिन्यांनी बदलतात. काढलेला फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, हे पाहतात. त्यामुळे बिघाडाची पूर्वसूचना मिळते.

नौकेसाठीही ही शिस्त अवघड नाही. पुरापूर्वी, इंजिन गरम असतानाच जुने तेल काढावे, म्हणजे त्याबरोबर गाळही बाहेर येतो. तेलाचा फिल्टर बदलावा, हवेचा फिल्टर स्वच्छ करावा व नवे तेल भरावे. हा खर्च अल्प व आधीच ठाऊक असतो. इंजिन उघडण्याचा खर्च मात्र अकस्मात येतो. तो देव दीपावलीच्या हंगामात आला, तर दुरुस्तीबरोबर कमाईही बुडते. हाती शिल्लक नसलेले कुटुंब तेलबदल पुढे ढकलते आणि अखेरीस अधिक किंमत मोजते.

काढलेल्या तेलाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांच्या कक्षेत वापरलेले तेल येते. ते नदीत गेले, तर पाण्यावर तवंग पसरतो व जलचरांना अपाय होतो. तेच तेल शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणता येते. म्हणून घाटांवरच संकलनाची सोय, नाविकांना प्रशिक्षण आणि बचत गटांमार्फत देखभालीसाठी अल्प कर्ज, या तिन्ही गोष्टींची सांगड घालणे आवश्यक आहे. त्यातूनच नाविकाचे भांडवल आणि गंगेचे पाणी या दोहोंचे रक्षण होईल.