सड्यावरचे निडर सरडे

भीती मोजता येते, आणि तीही साध्या मोजपट्टीनं. हसू नका, पोरांनो. कशी मोजतात ते सांगतो, पण त्यासाठी आधी तुम्हाला माझ्याबरोबर साताऱ्याचा डोंगर चढावा लागेल.

शहरातून निघायचं, सज्जनगड बाजूला ठेवायचा आणि ठोसेघरची वाट धरायची. धबधब्यापाशी सगळ्या गाड्या थांबतात, वडापाव खातात आणि मागे फिरतात. आपण पुढे जायचं. चाळकेवाडी आली की डोंगर चढायचा थांबतो आणि एकदम सपाट होतो. पायाखाली जांभा, त्यावर मातीचा पातळ थर, त्यात गुडघ्याएवढंही न वाढणारं गवत आणि जिकडेतिकडे विखुरलेले दगड. अशा कातळाच्या माळाला आपल्याकडे सडा म्हणतात. पावसाळा सरताना सड्यावर फुलं येतात, तेव्हा माणसांची झुंबड उडते. चैत्र-वैशाखात मात्र तिथे चिटपाखरूही नाही असं लोकांना वाटतं. लोकांना काय, काहीही वाटतं! खरी गंमत तेव्हाच असते.

ऊन तापायला लागलं की एकेका दगडावर एकेक सरडा येऊन बसतो. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सात-आठ सेंटीमीटरचा, मातकट रंगाचा. तुमची नजर त्याच्यावरून घसरून पुढे जाईल इतका साधा. पण समोर मादी येऊ दे, नाहीतर दुसरा नर. मग हा गडी पाय ताठ करतो, मान उंचावतो आणि गळ्याखालचा पंखा खाडकन उघडतो. निळा, काळा, नारिंगी! त्यातला निळा तर उन्हात लखलखतो. उघडला, मिटला, परत उघडला. जिभेच्या मुळाशी जे हाड असतं त्याची एक लांब काडी पुढे फिरते आणि गळ्याची सैल कातडी ताणली जाते, छत्रीच्या काडीनं कापड ताणलं जावं तशी. हे सगळं नरांचंच. माद्यांच्या गळ्याला असा रंगीत पंखा नसतो. त्या पंखा बघतात आणि कोणता नर बरा ते ठरवतात.

आणखी एक खूण सांगून ठेवतो. आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्या मागच्या पायाला पाच बोटं असतात, याच्या मागच्या पायाला चारच.

अशा पंखेवाल्या सरड्यांची ओळख शास्त्राला जुनी आहे. कुव्हिए नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं 1829 मध्ये पुदुच्चेरीकडच्या सरड्यावरून ‘सिटाना पॉन्टिसेरियाना’ हे नाव दिलं. पुढे कितीतरी वर्षं देशभरातले बहुतेक पंखेवाले त्याच नावाखाली दडपले गेले. निळा-काळा-नारिंगी पंखा असो की फिकट पांढरा, सगळे एकच! मग व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंत आणि त्यांच्या सोबत्यांनी ठिकठिकाणचे सरडे तपासले. हाडं पाहिली, पंखे पाहिले, डीएनए ताडून पाहिला. 2016 मध्ये त्यांनी जाहीर केलं की यातले काही सरडे इतके निराळे आहेत, की त्यांना वेगळं प्रजातीनाम हवं. ते नाव त्यांनी ठेवलं ‘सरडा’. हो, आपलाच मराठी सरडा, आता जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत लॅटिन लिपीत जाऊन बसलाय. त्यातल्या एका जातीला डार्विनचं नाव मिळालं. आणि आपल्या चाळकेवाडीचा हा नटवा झाला ‘सरडा सुपर्बा’.

आता भीतीकडे येतो.

नराला उंच दगड हवा असतो, कारण तिथून पंखा लांबवर दिसतो. पण लांबवर दिसतो म्हणजे सगळ्यांनाच दिसतो. सड्यावर आडोसा नाही. वर आकाशात कापशी पंख फडफडवत एकाच जागी तरंगत असते आणि खालचं गवत न्याहाळत असते. एखाद्या खुंटावर तिसा पक्षी पांढऱ्या डोळ्यांनी टक लावून बसलेला असतो. दोघांनाही सरडा आवडतो. म्हणजे ज्या दगडावर बसून मादी मिळवायची, त्याच दगडावरून आपण कुणाच्या तरी पोटात जायचं. मोठा पेच आहे हा, आणि सरडा तो रोज सोडवतो.

तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, मग त्यानं पक्षी दिसला रे दिसला की पळावं. नाही बाळा. पळणं फुकट नसतं. पळाला की दगड सुटला. दगड सुटला की शेजारचा नर टपलेलाच असतो. मादी निघून गेली, समोरून चाललेली मुंगी गेली, बिळात बसून ऊनही गेलं. यडेनबर्ग आणि डिल या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये हा हिशेब नीट मांडला: प्राणी शत्रू दिसताक्षणी पळत नाही. थांबण्यातला धोका पळण्याच्या तोट्यापेक्षा जास्त झाला की पळतो. शत्रू किती जवळ आल्यावर तो क्षण येतो, त्या अंतराला पलायन-अंतर म्हणू या. ज्याला भीती जास्त, त्याचं हे अंतर मोठं.

सापडली ना मोजपट्टी? सरडा दिसला की त्याच्या दिशेनं एकसारख्या चालीनं चालत जायचं. धावायचं नाही, रेंगाळायचं नाही. तो पळाला त्या क्षणी आपले पाय जिथे असतील तिथे खूण करायची आणि तो बसला होता त्या दगडापर्यंत मोजायचं. माणूस हा इथे खोटा शत्रू. आपल्या म्हणीनं सरड्याची धाव कुंपणापर्यंत मोजली. तो धावायला लागतो कधी, हे मोजायचं मात्र तिला सुचलं नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर सरड्याच्या आधी तुम्हाला पवनचक्क्या दिसतील. गेल्या शतकाच्या अखेरीपासून या भागात त्या उभ्या राहिल्या. वारा इथे दांडगा, आणि कोळसा न जाळता वीज मिळते, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. भल्या मोठ्या पात्यांना पक्षी धडकतात हे जगात ठिकठिकाणी लोकांनी पाहिलं होतं. खाली गवतात काय चाललंय, याची चौकशी मात्र फारशी कुणी केली नव्हती.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सोबती अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी ती केली. या पठाराची एक सोय होती. काही भागांवर चक्क्या आहेत आणि जवळच तसेच काही भाग चक्क्यांविना आहेत. कातळ तोच, गवत तेच, पाऊस तोच. फरक फक्त फिरणाऱ्या पात्यांचा. अशी जोडी निसर्गात आयती मिळाली की अभ्यासक देवाला नारळ फोडतो, कारण प्रयोगशाळेत डोंगर बांधता येत नाही.

आधी त्यांनी आकाश पाहिलं. शिकारी पक्षी मोजले आणि ते खाली झेप किती वेळा घेतात ते मोजलं. चक्क्यांच्या भागात असे पक्षी जवळजवळ चौपट कमी! झेपाही कमी. मग जमीन पाहिली. चक्क्यांखाली सरडे जास्त होते. इथवर तुम्हीही ओळखलं असतं: खाणारा गेला, खाद्य वाढलं.

पुढचं मात्र ओळखलं नसतं. चक्क्यांखालचे सरडे माणसाला कितीतरी जवळ येऊ देत होते. चक्क्या नसलेल्या भागातले लांबूनच सुटायचे, आणि हे बसूनच राहायचे. नुसतं वागणं बदललं असं नाही, आतही काही बदललं होतं. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात एक संप्रेरक वाढतं. सरड्यांमध्ये त्याचं नाव कॉर्टिकोस्टेरॉन. ते वाढलं की अंगातली साठवलेली शक्ती मोकळी होते आणि पळायला, झुंजायला बळ मिळतं. अभ्यासकांनी सरडे पकडून त्यांच्या रक्ताचे थेंब तपासले. माणसाच्या हातात सापडणं म्हणजे सरड्याच्या लेखी मोठंच संकट, तरी चक्क्यांखालच्या सरड्यांच्या रक्तात हे संप्रेरक त्या मानानं कमीच चढलं. शत्रूच फिरकत नाही, तर शरीरानं धोक्याची घंटा मोठ्यानं वाजवायची कशाला?

म्हणजे ते सुखात होते, असं म्हणाल. शत्रू नाही, काळजी नाही. थांबा जरा. ते बारीक होते. एवढ्याशा सड्यावर तोंडं वाढली आणि किडे तेवढेच. शिवाय दगडही तेवढेच आणि त्यांवर हक्क सांगणारे नर जास्त. आता गळ्याकडे बघा. चक्क्यांखालच्या नरांच्या पंख्याचे रंग फिके पडले होते. तो झगमगाट फुकटात येत नाही. अंगावर खर्चायला काही असावं लागतं. उपाशी शरीर आधी पोट बघतं, मग शृंगार. मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातली सगळ्यात नवलाची गोष्ट हीच. वर आकाशात चक्कीचं पातं फिरतं आणि खाली बोटभर प्राण्याच्या गळ्यावरचा रंग उतरतो. मध्ये सगळी साखळी आहे: पातं, कापशी, सरड्यांची गर्दी, किड्यांची टंचाई, रोडावलेलं अंग. एक कडी जरी कुणी बघितली नसती, तरी त्या फिक्या निळ्याचं कारण सापडलं नसतं.

त्यांचा हा अभ्यास 2018 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला, आणि त्यांनी एक धीट गोष्ट मांडली. जंगलात वाघ जसा सगळ्यांच्या वर बसतो, तशी पवनचक्की सड्यावरच्या साखळीत सगळ्यांच्या वर जाऊन बसली आहे. ती कुणाला खात नाही, पण शिकाऱ्यांना हटवते, आणि त्याचे हादरे खालपर्यंत जातात. अमेरिकेत रॉबर्ट पेन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात किनाऱ्यावरच्या एका खडकावरून शिकारी तारामासे उचलून समुद्रात भिरकावले होते, पुन्हा पुन्हा. त्या खडकावर शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांनी मग अशी गर्दी केली, की बाकीच्या जीवांना जागाच उरली नाही. पेननं शिकारी मुद्दाम काढले. चाळकेवाडीत ते आपण नकळत काढले.

मग चक्क्या पाडायच्या का? मी तसं म्हणणार नाही. कोळशाच्या धुरापेक्षा वारा बरा, यात शंका नाही. माझं भांडण आहे ते कागदावरच्या ‘पडीक’ या शब्दाशी. झाड नाही, पीक नाही, म्हणून असे सडे पडीक जमिनीत धरले जातात आणि काही उभारायचं झालं की बोट आधी तिकडे जातं. ज्या जागेवरच्या सरड्यावरून एका नव्या जातीला नाव मिळालं ती जागा पडीक? रस्त्याकडेच्या आधीच खणून-पुरून झालेल्या जमिनी आहेत, कारखान्यांची आवारं आहेत. आधी ते बघावं. हे माझं मत, पटलं तर घ्या.

आता तुम्हाला तिथे जायचंय, ते तुमच्या डोळ्यांत दिसतंयच. एप्रिलमध्ये जा, सकाळी दगड जरा तापू द्या. घाईनं जमीन धुंडाळू नका, आधी उंच दगडांचे माथे बघा. नर दिसला की एका चालीनं जा, पळाला की मोजा, वहीत लिहा. चक्क्यांखाली किती आणि लांब किती, दोन रकाने करा. पकडू नका, अभ्यासकांना त्यासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते.

आणि तो गेला कुठे म्हणून दगड उलटू नका. सड्यावरच्या दगडाखाली फुरसं असतं, विषारी साप. त्याची रीत सरड्याहून उलटी: माणूस जवळ आला तरी ते लगेच पळत नाही. जागच्या जागी वेटोळं घालतं आणि अंगाचे खरखरीत खवले एकमेकांवर घासतं. तो खर्रर्र आवाज कानावर आला, की तिथे पलायन-अंतर तुमचं. तेवढं मात्र मोजत बसू नका.