शाळेची वाट पायी : मुलांचे आरोग्य आणि गावाची जबाबदारी

शाळेत पायी जाणे ही गोमंतकाच्या खेड्यापाड्यांत एकेकाळी नित्याची गोष्ट होती. शेताच्या बांधावरून, पाणंदीतून, साकव ओलांडून मुले घोळक्याने शाळा गाठीत. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडण्यात आल्या आणि शाळा वाड्यावाड्यांच्या जवळ आली. आज मात्र जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोमीटरवरील शाळेतही अनेक मुले पालकांच्या स्कूटरवरून जाताना दिसतात. यात पालकांच्या मायेचा दोष नाही. रस्त्यावरील वाढत्या वाहनांची त्यांना वाटणारी भीती खरी आहे. तथापि, या भीतीवर मुलांचे चालणेच बंद करणे हा उपाय नव्हे.

आरोग्याच्या दृष्टीने

५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक श्रम घडावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लहान मुलास एक किलोमीटर चालण्यास साधारणतः १५ ते २० मिनिटे लागतात. म्हणजे शाळा एक किलोमीटरवर असल्यास झपाझप जाण्या-येण्यातच यापैकी निम्मा वाटा पदरी पडतो, व त्यासाठी वेगळा खर्च किंवा वेळ काढावा लागत नाही. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यान्वये केंद्राने २०१० मध्ये केलेल्या नियमांतही पहिली ते पाचवीसाठी एक, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे चालण्याचे अंतर धरलेले आहे.

पायी जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरील ओझे मात्र बेताचे हवे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. २० किलो वजनाच्या मुलाचे दप्तर त्यामुळे दोन किलोच्या आतच राहावे. शिक्षकांनी वेळापत्रक त्या बेताने आखावे आणि पालकांनी दप्तर रोज तपासावे.

भीतीचे दुष्टचक्र

रस्ता धोक्याचा म्हणून पालक मुलास वाहनाने पोहोचवितात. त्यामुळे शाळेच्या फाटकापाशी वाहनांची गर्दी होते, व पायी येणाऱ्या मुलांचा धोका आणखी वाढतो. ते पाहून उरलेले पालकही वाहन काढतात. हे चक्र एकट्या कुटुंबास मोडता येत नाही. त्यासाठी वाड्याने एकत्र येणे आवश्यक आहे.

जपानमध्ये एका वस्तीतील प्राथमिक शाळेची मुले गट करून निघतात आणि वरच्या वर्गातील मुले धाकट्यांना सांभाळून नेतात. इंग्लंडमधील सेंट अल्बन्स येथे १९९८ मध्ये ‘चालती बस’ सुरू झाली. तीत दोन प्रौढ व्यक्ती, एक पुढे व एक मागे, ठरलेल्या वेळी ठरलेल्या मार्गाने मुलांना पायी नेतात. वाटेतील ‘थांब्यांवर’ इतर मुले सामील होतात. आपल्याकडेही वाड्यातील पालकांनी पाळीपाळीने ही जबाबदारी घेतल्यास आठवड्यातून एखादाच दिवस प्रत्येकाच्या वाट्यास येईल.

मुलांना काय शिकवावे

साधारणतः दहा वर्षांखालील मुलास येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर यांचा नेमका अंदाज बांधता येत नाही. म्हणून त्यास मोठा रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने, एकामागोमाग एक चालावे. उभ्या असलेल्या बसच्या पुढून रस्ता ओलांडू नये.

पावसाळ्यात विशेष दक्षता हवी. छत्रीने समोरचे झाकले जाते. तीपेक्षा भडक रंगाचा रेनकोट बरा. साकवावरून पाणी वाहत असेल तर त्या दिवशी ती वाट वर्ज्य करावी. विजा चमकत असता झाडाखाली थांबू नये.

पंचायतीचे व शाळेचे कर्तव्य

पायवाटेवरील रान वेळच्या वेळी कापणे, उघड्या गटारांवर लाद्या बसविणे, साकवाचे कठडे दुरुस्त करणे, शाळेजवळ गतिरोधक व ओलांडण्याचे पट्टे यांची मागणी करणे ही कामे फार मोठ्या खर्चाची नाहीत. पण त्यांवाचून पालकांस पायी चालण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने शिक्षकांसह प्रत्येक वाड्यापासून शाळेपर्यंतची वाट एकदा स्वतः चालून पाहावी, धोक्याच्या जागांची यादी करावी व ती ग्रामसभेपुढे ठेवावी.

जेथे महामार्ग ओलांडावा लागतो, अथवा गावातील शाळा बंद झाल्याने अंतर वाढले आहे, तेथे मुलांना चालण्याचा आग्रह धरणे अयोग्य होय. तेथे बसची सोय हवीच. जे मूल अपंगत्वामुळे वा आजारामुळे चालू शकत नाही, त्यालाही कमीपणा वाटू देऊ नये. परंतु जेथे वाट जवळची आहे, तेथे ती सुरक्षित करून मुलांच्या पायांखाली देणे, हे पालक, शिक्षक व पंचायत या तिघांचे सामायिक कर्तव्य आहे. नव्या शालेय वर्षाच्या आरंभापूर्वीच या कामास हात घालणे श्रेयस्कर ठरेल.