काचेच्या पेटीतील प्रवाळ

गोड्या पाण्यातील मासे काचेच्या पेटीत पाळणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. गोल्डफिश, गप्पी, एंजल ही नावे मुलांनाही तोंडपाठ असतात. परंतु समुद्राचे खारे पाणी घरात आणून त्यात जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद ही गोष्ट अगदी निराळी. प्रवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतील तांबडे पोवळे उभे राहते. ते भूमध्य समुद्रातील होय. उष्ण समुद्रांत प्रवाळभित्ती बांधणारे जीव हे त्याचे दूरचे भाऊबंद. या जीवांचे अंग फुलाच्या पाकळीसारखे मऊ असते व बसावयाचे दगडी आसन ते स्वतःच घडवितात. असा जीव दिवाणखान्यात जगविता येईल काय, या प्रश्नाभोवती पावणेदोनशेहून अधिक वर्षे एका छंदाची भरती-ओहोटी चालू आहे. वाचकहो, तिची हकीकत आपल्याही समुद्रकिनाऱ्याशी येऊन भिडते, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

आरंभ एका गृहिणीपासून होतो. ॲना थिन या लंडनमधील एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथे त्यांना काही लहान प्रवाळ सापडले. वाटेत आपटून ते दुखावू नयेत म्हणून सुईदोऱ्याने त्यांनी ते एका मोठ्या स्पंजास टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून लंडनला नेले. पुढे ताजे समुद्रजल मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात वरून ओतण्याचा क्रम ठेवला. रोज अर्धा-पाऊण तास हे काम घरची मोलकरीण करी. ओतताना पाण्यात हवा मिसळे आणि प्रवाळ तग धरून राहत. दुसऱ्या वर्षी भांड्यात समुद्रशेवाळ घातले गेले व दोन्ही जीव एकमेकांच्या आधाराने जगू लागले. आज विजेचा पंप जे काम करतो, ते प्रथम एका मोलकरणीच्या दोन हातांनी केले आहे. या छंदाचे इतिहास सांगणारे तिचे नाव सहसा घेत नाहीत.

१८४५ साली इंग्लंडात काचेवरील कर उठला होता आणि आगगाडीमुळे समुद्रकिनारा जवळ आला होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला. मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या बैठकीत समुद्रपुष्पांनी भरलेली पेटी दिसू लागली. टोपल्या व हातोड्या घेऊन लोक किनाऱ्यांवर उतरले आणि खडकांतील डबकी खरवडून रिकामी करू लागले. दहा-बारा वर्षांत ही लाट ओसरली. पेट्यांतील पाणी नासे, जीव मरत आणि घरातील मंडळी कंटाळत. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली लिहिलेल्या आठवणींत त्या उजाड झालेल्या किनाऱ्यांविषयी खेद व्यक्त केला आहे. ज्या पित्याने लोकांना समुद्राची गोडी लावली, त्याच्याच ग्रंथामुळे ती नासधूस ओढवली, याचे दुःख त्या मजकुरात आहे.

थिनबाईंचे प्रवाळ थंड समुद्रातील होते व मंद उजेडातही ते जगू शकत. उष्ण समुद्रातील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचे तसे नाही. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले नांदतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानास देतात. म्हणजे पेटीतील प्रवाळास प्रखर उजेड हवा, पाणी अत्यंत निर्मळ हवे आणि सांगाडा घडविण्यास चुना हवा. या तिन्ही गोष्टी एकत्र साधण्यास पुढची शंभराहून अधिक वर्षे लागली.

वाट सापडली ती जकार्ता येथे. ली चिन एंग यांनी १९६१ साली अमेरिकेतील एका मत्स्यविषयक मासिकात आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले ओले खडक, खरे समुद्रजल आणि हवेचे बुडबुडे, एवढेच त्यांचे साहित्य. खडकांच्या छिद्रांत वाढणारे असंख्य जिवाणू माशांच्या मलमूत्रातील विष पचवून टाकीत. नव्या दुधाला जुन्या दह्याचे विरजण लागते, तसेच हे विरजण होते. पेटी भरल्यावर महिना-दीड महिना ते नीट लागू द्यावे लागते. तोवर मासे सोडण्याची घाई करणारा हमखास फसतो.

त्यानंतर जर्मन छांदिष्टांनी या रीतीत भर घातली. गुऱ्हाळात काहिलीवर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात, हे आपण पाहिले असेल. त्याच धर्तीवर पाण्यात बारीक बुडबुडे सोडून घाणीचा फेस वर आणणारे यंत्र त्यांनी वापरात आणले. पीटर विल्केन्स यांनी प्रवाळांना चुना पुरविण्यासाठी जो उपाय रूढ केला, तो ऐकून आपल्या आजीबाईंना हसू येईल. तो म्हणजे चुन्याची निवळी! या सर्व साधनांची मिळून जी पद्धत झाली, तिला बर्लिन पद्धत म्हणतात. बर्लिनचेच डीट्रिख श्ट्यूबर यांच्या पेटीत शाखायुक्त प्रवाळाचा एक तुकडा वाढू लागला. त्याची फांदी मोडून त्यांनी मित्रांना दिली, मित्रांनी आपल्या मित्रांना दिली. मोगऱ्याचे कलम शेजारणीला द्यावे, तशी ही देवघेव युरोपभर पसरली. माझ्या मते या छंदाच्या इतिहासात याहून मोलाची घटना नाही. प्रवाळासाठी प्रत्येक वेळी समुद्रात हात घालावा लागत नाही, हे तिने दाखवून दिले.

दुर्दैवाने हा धडा फार थोड्यांनी घेतला. १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत या पेट्यांचे आकर्षण वाढले आणि पुन्हा एकदा हौशी लोकांची रीघ लागली. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या छंदापायी दर वर्षी २ कोटी ते २ कोटी ४० लाख सागरी मासे व १ कोटी १० लाख ते १ कोटी २० लाख प्रवाळांचे तुकडे विकले जात असल्याचा अंदाज आहे. सारी खरेदी जगातील १५ ते २० लाख छांदिष्टांसाठी. यातील बहुतेक सर्व मासे समुद्रातून धरलेले होते. फिलिपीन्समध्ये तर १९६० नंतरच्या दशकापासून सायनाइडचे पाणी खडकांत फवारून मासे गुंगवून पकडण्याची दुष्ट चाल पडली होती. मासा हाती येई, परंतु भोवतालचे प्रवाळ मरत.

चित्रपटांमुळे ही मागणी भडकली, असे सर्रास सांगितले जाते. परंतु २०१६ साली निळ्या सर्जन माशावर जो चित्रपट आला, त्यानंतर अशा माशांची आयात वाढल्याचा पुरावा ऑक्सफर्डच्या संशोधकांना २०१९ सालच्या अभ्यासात आढळला नाही. भरती-ओहोटीची खरी कारणे साधी आहेत. दिवे स्वस्त झाले की गर्दी वाढते. वीज महागली की पेट्या मोडीत निघतात. २०२२ साली युरोपात विजेचे दर चढले, तेव्हा अनेकांना हा खर्च झेपेना. शिवाय समुद्राचे दरवाजेही बंद होऊ लागले. २०१७ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील मासेधरणीस लगाम घातला; फिजीने प्रवाळांची निर्यात थांबविली; २०१८ साली इंडोनेशियानेही तेच केले व २०२० मध्ये निर्यात पुन्हा सुरू केली ती लागवडीच्या प्रवाळांसाठी. छंद आकुंचित झाला म्हणून हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. त्यातून जी विद्या निपजली, ती मात्र जपली पाहिजे, कारण आता तिची गरज दिवाणखान्यापुरती उरलेली नाही.

समुद्र तापू लागल्यामुळे प्रवाळ पांढरे पडत आहेत. १९९८ साली जगभर असा मोठा आघात झाला. चौथ्या जागतिक आघाताची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. फ्लोरिडात त्यावर २०१४ पासून एका रोगाची भर पडली. तेव्हा रोगाची सीमा पोचण्यापूर्वीच तेथील निरोगी प्रवाळ उचलून अनेक राज्यांतील मत्स्यालयांत नेऊन ठेवण्यात आले. छांदिष्टांनी पारखलेले दिवे, फेसयंत्रे आणि चुन्याची मापे तेथे उपयोगी पडली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्स यांनी पेटीवर कृत्रिम चंद्र उगवविला. कलेकलेने वाढणाऱ्या त्या दिव्याच्या उजेडात आणि ऋतुमानाप्रमाणे बदलणाऱ्या उष्णतेत प्रवाळांनी ठरल्या वेळी अंडी सोडली. हेच तंत्र घेऊन २०१९ साली फ्लोरिडात दुर्मिळ स्तंभप्रवाळांचे प्रजनन प्रथमच प्रयोगशाळेत घडवून आणले गेले.

आता आपल्या देशाकडे वळू. मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही आपली मोठी प्रवाळक्षेत्रे. मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहेत. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि हजारो कुटुंबांनी सागरी जीव प्रथमच डोळे भरून पाहिले. घरोघरी मात्र ही हौस बेतानेच शिरली. प्रवाळास २५-२६ अंशांचे पाणी मानवते. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र रात्रंदिवस चालवावे लागते आणि वीज काही तास गेली तरी पेटीवर संकट येते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांचा समावेश झाला. किनाऱ्यावरील विक्रेता शोभेसाठी प्रवाळ देऊ लागला तर तो घेऊ नये. तुकडा मेलेला आहे ही सबब कायद्यापुढे चालत नाही.

मग हौशी कुटुंबाने काय करावे? केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा ठेवावा. तो जन्मतः नर असतो; जोडीतील मोठा मासा मादी होतो आणि अंड्यांची राखण नर करतो. मुलांना यात नवल वाटण्याजोगे पुष्कळ आहे. मन्नारच्या आखाताकाठी मंडपम् येथील केंद्रीय संशोधन केंद्राने तो टाक्यांत वाढवून दाखविला आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने स्त्रियांनी शोभेच्या सागरी जीवांचे संगोपन केले. तोच ब्यूरो व महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी ऐरोली येथे विदूषक माशांची पैदास केली. २०० लिटरच्या पेटीस सुमारे ७ किलो सागरी मीठ लागते. आटलेले पाणी भरून काढताना खारे नव्हे, गोडे पाणी घालावे, कारण वाफ होते ती पाण्याची. मीठ पेटीतच राहते. आणि मासा घेताना दुकानदारास एवढे अवश्य विचारावे की, हा हॅचरीतला आहे की समुद्रातून धरलेला?