यंत्रमानव धार कशी काढतो?

यंत्रमानव म्हटले की चालते-बोलते पत्र्याचे भूत डोळ्यांपुढे येते. 'रोबो' हे नावही नाटकातलेच. चेक लेखक कारेल चापेक यांनी ते १९२० साली लिहिले. त्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. कारखान्यात पहिला यंत्रमानव १९६१ साली अमेरिकेत राबू लागला. तो म्हणजे तापलेले ओतीव भाग उचलणारा नुसता एक हात होता. हॉलंडमधील गोठ्यांत १९९२ पासून असाच हात गाईंची धार काढू लागला. तो कसा चालतो ते पाहू.

सांधे आणि बळ

आपला हात खांद्यात तीन प्रकारे वळतो, कोपरात एका आणि मनगटापर्यंत आणखी तीन प्रकारे. म्हणून तो हवा तिथे, हवा तसा पोचतो. यंत्राच्या हातालाही असेच सांधे असतात. प्रत्येक सांधा मोटर किंवा दाबाची हवा फिरवते. दुधाची भरलेली बादली हात लांब करून धरली, तर खांदा लगेच भरून येतो. यंत्राचेही तसेच. म्हणून हात हलका ठेवतात आणि जड भाग होईल तितके बुडाशी बसवतात.

डोळे आणि अक्कल

नुसते बळ असून भागत नाही. गाय खुराकाच्या ओढीने आत येते. तिच्या गळ्यातील पट्ट्यावरून संगणक तिला ओळखतो. धारेची वेळ झाली नसेल, तर दार उघडून तिला बाहेर सोडतो. वेळ झाली असेल, तर सड स्वच्छ होतात, कॅमेरा किंवा लेसर किरण सडांची जागा शोधतात आणि हात पेले चढवतो. गाय हलली की हातही सरकतो. एखाद्या सडाची धार कमी झाली, की तेवढाच पेला सुटतो.

मोजायचे, ठरल्याशी ताडून पाहायचे, चूक दिसली की सुधारायचे, हेच नियंत्रण. पाण्याच्या टाकीतला तरंगता फुगा हेच करतो. पाणी चढले की तोटी बंद, उतरले की सुरू. यंत्रमानव हेच काम क्षणाक्षणाला आणि अनेक सांध्यांवर करतो.

आपल्या गोठ्यासाठी बोध

असे एक यंत्र सुमारे साठ गाईंचे काम करते. दोन-चार जनावरांच्या गोठ्याला ते परवडणारे नाही. पण त्याची एक सवय फुकट घेता येते. कासदाह झाला की दुधात क्षार वाढतात आणि त्यातून वीज जास्त वाहते. यंत्र हे मोजून इशारा देते. आपण प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून पाहाव्यात. गाठी किंवा पाणचट दूध दिसले, तर ते वेगळे ठेवून पशुवैद्यकांना बोलवावे. उशीर केला तर सड कायमचा जातो.

आपोआप चालणारे कोणतेही यंत्र, मग तो फवारणीचा ड्रोन असो की ठिबकचा नियंत्रक, दारी विकायला आले, तर चार प्रश्न विचारा. हे काय मोजते? कोणता भाग हलतो? निर्णय कशावरून घेते? वीज गेली किंवा मोजणारा भाग बिघडला, तर काय होते आणि दुरुस्तीला कोण येते? चारही उत्तरे पटली, तरच पैशाला हात घाला.