मोंबासाचा फोर्ट जीझस आणि वसईत बांधलेले जहाज

केनियाच्या किनाऱ्यालगतच्या मोंबासा बेटावरील फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगिजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला असून, त्याचा आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कायराती या इटालियन स्थापत्यकाराने केला होता. सागरी जीवांच्या सांगाड्यांपासून बनलेल्या प्रवाळखडकावर तो उभा आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांवरील बुरूज असे पुढे काढलेले आहेत की, तटाला भिडलेल्या शत्रूवर बाजूनेही मारा करता यावा.

मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे असा भाग मात्र पुढेच आहे. ओमानी अरबांनी मार्च १६९६ मध्ये घातलेला वेढा डिसेंबर १६९८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेहतीस महिने चालला आणि उपासमार व रोगराई यांनी शिबंदी, म्हणजे किल्ल्यातील सैन्य, जवळपास संपल्यावरच किल्ला पडला. या वेढ्यात मदतीसाठी आलेले ‘सांतु आंतोनियु द तान्ना’ हे फ्रिगेट, म्हणजे तीन डोलकाठ्यांचे वेगवान लढाऊ जहाज, १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडाले. ते वसईत बांधले गेले होते आणि नावातील ‘तान्ना’ म्हणजे आपले ठाणे. १९७७ पासून झालेल्या सागरी उत्खननात सापडलेल्या त्यातील वस्तू किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेल्या आहेत.

१८९५ ते १९५८ या काळात तुरुंग असलेली ही वास्तू २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेथे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी तट पाहून परत न फिरता या जहाजाचे अवशेष आवर्जून पाहावेत.